जुळ्या गावाची पाटी

ओदीलने किटलीखालचा जाळ बारीक केला आणि स्वयंपाकघर व सभागृह यांच्यामधल्या खिडकीतून बिस्किटांची ताटली पुढे सरकवली. ट्रेवर हॅकनीने बोलणं न थांबवता दोन बिस्किटं उचलली.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "आपण बाहेर पडायचं ठरवलं ना? मग गावाच्या तोंडाशी ती फ्रेंच पाटी कशाला? उद्या कुणी विचारलं की तुमचं नक्की काय चाललंय, तर काय सांगायचं?"

"अजून बाहेर कुठे पडलोय?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. युरोपीय संघातून बाहेर पडायचं असं देशाने मतदान करून ठरवलं त्याला तीन वर्षं होत आली होती, आणि ते घोंगडं अजून भिजतच पडलेलं होतं. मोठ्या लोकांना ते वाळत घालता येईना, म्हणून स्कार्नबीच्या ग्रामसभेने निदान आपल्या चौकातली पाटी तरी काढावी असा ट्रेवरचा ठराव होता.

पाटी साधीच होती. चौकातल्या उंच ओक लाकडाच्या खांबावर गावाचं नाव, आणि त्याखाली निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: कोर्वीलचं जुळं गाव. पस्तीसएक वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या कोर्वीलहून बसभर माणसं आली होती, दोन्ही गावांनी मैत्रीचं नातं जोडलं होतं, पाहुणचार झाला होता, भाषणं झाली होती. त्या बसमधून भाषांतर करायला म्हणून एक चोवीस वर्षांची मुलगी आली होती. पाटीची अक्षरं रंगवणारा आणि शिडीवर चढून ती बसवणारा लेनर्ड पॅजेट नावाचा सुतार खाली उतरला तेव्हा शिडी त्याच मुलीने धरलेली होती. पुढच्या वर्षी ओदील स्कार्नबीत नांदायला आली. ग्रामसभेच्या चहाची किटलीही मग तिच्याकडेच आली, आणि तिच्याकडेच राहिली.

आज लेनर्ड सभेचा अध्यक्ष होता. टेबलाच्या मधोमध, चष्मा कपाळावर चढवून, कुणाकडेच न बघता बसला होता.

"मला बोलायचंय," रूथ ब्लेनी उठली. निवृत्त मुख्याध्यापिका. पाटी राहावी या बाजूची. "आपण ज्या बाईच्या हातचा चहा पितोय तिच्याकडे एकदा बघा. बघा ना! सगळं आयुष्य तिने इथे घालवलं. आणि आता इथे राहायची परवानगी मागायला तिला मोबाइलवर स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो काढून पाठवावा लागतोय. एखाद्या गुन्हेगारासारखा. तीनदा नाकारला त्यांनी फोटो. रडली बिचारी स्वयंपाकघरात बसून."

सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. ओदीलच्या हातात साखरेचं भांडं होतं. रडली होती ती खरी, पण ते पाहणारा घरात एकटा लेनर्डच होता. तिने त्याच्याकडे बघितलं. तो समोरचे कागद सारखे करत होता.

ओदीलची रूथला दया येत होती हे खरं, आणि ती सगळ्यांसमोर दाखवता येत होती याचा तिला आनंद होत होता, हेही तितकंच खरं. ओदीलला त्या क्षणी ट्रेवरपेक्षा रूथचाच राग आला.

"अगं, ओदीलविरुद्ध कुणी काही बोललंय का?" ट्रेवर खुर्चीतच वळला. "ओदील, तुझ्याविरुद्ध काही नाही हं. तू आमचीच आहेस. अगं, तू आपलं यॉर्कशर पुडिंग माझ्या बायकोपेक्षा चांगलं करतेस."

"तुला माझं मत विचारायचंय की पुडिंगचं?" ओदील म्हणाली.

पुन्हा हशा. ट्रेवरही हसला, त्याला लागलं नव्हतं.

"बघा! विनोदसुद्धा आपल्यासारखाच करते. प्रश्न तुझा नाहीये, बाई. प्रश्न त्यांचा आहे."

"त्यांचा म्हणजे तुझ्या शेतात कोबी तोडतात त्यांचा?" रूथने विचारलं. "लिथुएनियाच्या पोरी? त्या नसतील तर कोबी कोण काढणार, तू? वाकता येतं का तुला?"

"माझ्या पाठीचं मी बघेन. आणि तू तुझ्या फ्रान्समधल्या सुट्टीच्या घराचं बघ. त्याच्यासाठीच जीव तुटतोय ना तुझा? खोटं सांगतोय का मी?"

मग बराच वेळ असंच चाललं. कुणाच्या मुलाचं कॉलेज निघालं, कुणाच्या आईच्या रुग्णालयातल्या परिचारिका निघाल्या, एकाने युद्धात मेलेल्या आजोबांनाही सभेत आणून बसवलं. एकमेकांच्या घरी नाताळचं जेवलेली माणसं एकमेकांची मापं काढत होती, आणि मधूनच खिडकीशी येऊन, "थोडं दूध जास्त, ओदील," असं गोड आवाजात सांगून जात होती.

ओदील चहा ओतत राहिली. पाटीचं तिला एवढं काही नव्हतं. उन्हाने निळा रंग उडाला होता, आणि कोर्वीलच्या लोकांनाही हल्ली हे गाव आठवत असेल की नाही कोण जाणे. तिला फक्त एक गोष्ट हवी होती. तीन वर्षांपूर्वी, मतदानाच्या दिवशी, लेनर्ड पावसाचा कोट घालून गेला आणि परत आला. तिचं नागरिकत्व फ्रान्सचंच राहिलं होतं, म्हणून तिला मत नव्हतं. तिने विचारलं, "कुठल्या बाजूने दिलंस?" तो म्हणाला, "मत गुप्त असतं, ओदील." ती हसली. मग निकाल लागला. तिने पुन्हा विचारलं, आणि त्याने हसल्याशिवाय तेच उत्तर दिलं. त्या उत्तराचा आपल्याला हवा तो अर्थ लावून ती राहत आली होती. माणूस राहतो असा. रोज एका ताटात जेवायचं असतं.

"मतं घेऊ या," लेनर्ड म्हणाला.

पाटी काढावी म्हणून चार हात वर झाले. ठेवावी म्हणून चार. अध्यक्ष आधी मत देत नाही. बरोबरी झाली तरच देतो, आणि तेव्हा कसं द्यायचं याची स्कार्नबीत जुनी रीत होती: आहे ते आहे तसं राहू द्यायचं. लेनर्ड या रीतीचा एवढा पक्का, की त्याच्या स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने तळ्याकाठी बाक बसवायची वेळ आली आणि अशीच बरोबरी झाली, तेव्हाही त्याने बाकाच्या विरोधात हात वर केला होता. घरी येऊन तो रडला होता. "अध्यक्षाला स्वतःचं मत नसतं," असं म्हणाला होता.

म्हणून बरोबरी झाल्याबरोबर ट्रेवरने पेन खिशाला लावलं. "संपलं. अध्यक्षमहाराज आता रीत सांगणार."

रूथने मान डोलावून खिडकीकडे बघितलं. ओदीलनेही किटलीवरचा हात काढला आणि ॲप्रनला पुसला. लेनर्डला काहीच करायचं नव्हतं. कुणाला दुखवायचं नव्हतं, काही कबूल करायचं नव्हतं. नेहमीचंच वाक्य नेहमीसारखं म्हणायचं होतं.

लेनर्डने चष्मा डोळ्यांवर घेतला.

"रीत अशी आहे," तो म्हणाला, "की जे ठरलेलं आहे ते राहू द्यायचं." तो थांबला. "आणि ठरलेलं काय आहे? देशाने ठरवलंय ते. ते बदलणारा मी कोण?"

कुणालाच लगेच कळलं नाही. मग त्याचा हात वर गेला, पाटी काढण्याच्या बाजूने, कोपरात जरा वाकलेला.

टाळी वाजली नाही. रूथने तोंडावर हात नेला आणि सगळ्यांच्या आधी ओदीलकडे बघितलं. मग हळूहळू सगळ्यांनीच बघितलं. ती रडेल, किंवा ताटली आपटेल, असं त्यांना वाटत असावं.

"पाटी काढणार कोण?" कुणीतरी घसा साफ करत विचारलं. "जिल्ह्याकडे सांगितलं तर माणूस यायला थंडी उजाडेल."

"थंडीपर्यंत कशाला?" ओदील खिडकीतून म्हणाली. "लेनने लावली, लेनच काढेल. बोल्ट काढायचे पाने गाडीत आहेत. शिडी मागच्या खोलीत आहे."

"आज?" लेनर्ड म्हणाला.

"उजेड आहे ना अजून."

जून महिना होता. रात्रीच्या जेवणाची वेळ उलटली तरी चौकात लख्ख ऊन होतं. सगळे आपापले कप हातात घेऊन बाहेर आले, कारण असलं काही चुकवणं जिवावर येतं. लेनर्ड त्र्याहत्तरीचा. दोन हिवाळ्यांपूर्वी छपराची पन्हळ साफ करताना पडल्यापासून त्याने शिडीची धास्ती घेतली होती. ओदीलने धरल्याशिवाय तो पहिल्या पायरीवरही पाय ठेवत नसे. तिने खालच्या पायरीवर आपला पाय रोवला आणि दोन्ही दांड्या धरल्या. तो चढला.

बोल्ट गंजलेले होते. पाना दोनदा निसटला.

"अध्यक्षमहाराज," ट्रेवर ओरडला, "देशाला लागतोय तेवढाच वेळ लावणार का?"

आता मात्र सगळे मोकळेपणाने हसले, पाटी ठेवायच्या बाजूचेसुद्धा. कुणी मोबाइलवर फोटो काढला. पहिला बोल्ट निघाला तसा लोकांचा उत्साहही ओसरला. रूथने ओदीलच्या खांद्यावर हात ठेवला, "मी आहे हं," म्हणाली, आणि निघून गेली. बाकीचे पबकडे वळले. कप बाकावर, भिंतीवर, गवतात, जिथे संपले तिथे ठेवलेले होते.

शेवटचा बोल्ट निघाला. लेनर्डने पाटी डाव्या काखेत धरली. जड होती ती. उजव्या हाताने त्याने शिडीचा माथा घट्ट पकडला.

"लेन," ओदील खालून म्हणाली, "तेव्हा मत कुठल्या बाजूने दिलं होतंस?"

पबच्या उघड्या दारातून बोलणं ऐकू येत होतं.

"आता सांग. आता आपण दोघंच आहोत."

"ते तुझ्याविरुद्ध नव्हतं, ओदील," तो म्हणाला. "तुझ्याविरुद्ध काही नव्हतंच."

ओदीलने मान हलवली. मग तिने पायरीवरचा पाय काढला आणि दोन्ही हात सोडले.

शिडी पडली नाही. गवतात थोडी रुतली आणि एका बाजूला किंचित कलली, एवढंच.

"ओदील? शिडी धर."

ती कप गोळा करत होती. बाकावरचे, भिंतीवरचे, गवतातला एक कलंडला होता, तोही तिने उचलला. ट्रे घेऊन ती सभागृहात गेली. सिंकवरच्या खिडकीतून खांब दिसत होता. तिने सगळे कप विसळले, पुसले, आकड्यांना अडकवले. लेनर्ड तसाच वर होता. पाटी टाकून दिली असती तर उतरायला हात मोकळा झाला असता, पण खांबाखाली दगडी चौथरा होता, आणि ती अक्षरं त्याने स्वतः रंगवली होती. हाक मारली असती तर पबमधून कुणीही आलं असतं. हाक मारायची त्याला लाज वाटत होती.

किटलीत एका कपापुरता चहा उरला होता. ओदीलने तो ओतला, दूध घातलं, त्याला लागते तशी दोन चमचे साखर घातली आणि नीट ढवळली. मग ॲप्रन खुंटीला लावून, दाराला कुलूप घालून ती कप घेऊन चौकात आली.

"आलीस," लेनर्ड म्हणाला. "धर लवकर. हात भरून आलाय माझा."

तिने वाकून कप शिडीच्या पायाशी, गवतात, सांडणार नाही असा बसवला.

"गार व्हायच्या आत घे," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.