आधीच भरलेलं ‘नाही’

शिंपीकाका तपासणीच्या खोलीतून बाहेर आले ते भिंत धरून. मी टेबलावरूनच म्हटलं, “काय काका, भिंत पडतेय का?”

“भिंत कसली पडतेय, मीच पडेन. ही नवी गोळी सुरू झाल्यापासून उठलो की गरगरतं बघा. मशीनवरून उठताना आधी टेबल धरतो, मग गिऱ्हाईक बघतो.”

“सिस्टरना सांगितलंत?”

“दर वेळी सांगतो. त्या म्हणतात, बरं बरं, पाणी पीत जा.”

काका गेले आणि मी त्यांची नोंद उघडली. आमच्या रुग्णालयात रक्तदाबाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे. त्रेचाळीस माणसं, दर पंधरवड्याला भेट, आणि प्रत्येक भेटीत त्रासाबद्दलचे अकरा प्रश्न. काकांच्या दुसऱ्या भेटीत ‘चक्कर: होय’ असं होतं. त्यानंतरच्या सहा भेटींत नाही, नाही, नाही. संगणकात काका ठणठणीत बरे झाले होते.

ते ‘नाही’ कुणी लिहिलं, हे मला लगेच कळलं. मीच.

आमचं सॉफ्टवेअर फुकटचं, खुलं. कुणीही त्याची शिवण उसवावी आणि आपल्या मापाचं करून घ्यावं. बसवून देणारा मुलगा तीन महिन्यांत दुसरीकडे गेला. राहिले मी, फाइली लावणारी बाई. मोडत, दुरुस्त करत, इंटरनेटवरच्या मंचावर अनोळखी लोकांना विचारत शिकले. फॉर्म बनवायला लागले. डॉक्टरमंडळी “ताईंना विचारा” म्हणायला लागली आणि मी जरा ताठ चालायला लागले.

मग एक दिवस सिस्टर म्हणाली, “ताई, अकरा प्रश्न, त्रेचाळीस माणसं, आणि बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. बोटं झिजली माझी. तुम्ही एवढ्या हुशार, काहीतरी करा ना.”

‘एवढ्या हुशार’ म्हटल्यावर मी आणखी काही ऐकलंच नाही. अकराही प्रश्नांत ‘नाही’ आधीच भरून ठेवलं. कुणाला त्रास असेल तरच बदलायचं. दोन मिनिटांचं काम. सिस्टरनं मला मिठी मारली होती.

आता मी तिच्याकडे गेले. “काका चक्कर येते म्हणतात.”

“म्हणतात हो, जाता जाता, दारातून. तोवर पान सेव्ह झालेलं असतं. परत उघडायचं तर ते कारण विचारतं. बाहेर वीस जण ताटकळत बसलेले.” ती थबकली. “तुम्ही मला दोषी धरताय का ताई?”

“तुला कशाला धरू? बस जरा इथे.”

पान कधी उघडलं, कधी बंद झालं, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. आम्ही दोघींनी ती काढली. माझ्या हुशारीआधी एका पानाला दोन-अडीच मिनिटं लागत होती. नंतर सहा सेकंद. चार सेकंद. दुसऱ्या भेटीत नऊ जणांना चक्कर येत होती; तिसऱ्या भेटीपासून एकालाही नाही. दोनशे अठ्ठावन्न पानं आणि सगळीकडे शांतता.

सिस्टरचा चेहरा उतरला. “आणि शुक्रवारी बैठक आहे,” ती म्हणाली.

तेच तर. शरीराला सवय होते, चक्कर आपोआप थांबते, असं आमचा तक्ता सांगत होता. त्याच्या भरवशावर शुक्रवारी सगळ्यांची गोळी दुप्पट करायची होती. त्या दिवशी बुधवार होता.

मी आधी ते भरलेलं ‘नाही’ काढून टाकलं. त्याबरोबर बदलांच्या यादीत माझ्या नावाची दुसरी ओळ आली, ‘नाही’ भरल्याच्या पहिल्या ओळीच्या वर. खुलं सॉफ्टवेअर म्हणजे आतली कपाटंही माझ्याच हाताखाली. ती पहिली ओळ पुसता आली असती. कशी पुसायची हेही मला माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचीच मला भीती वाटली. मी खिडकी बंद केली.

मंचावर गेले तर आणखी एक. हा फॉर्म मी मोठ्या कौतुकानं तिथे ठेवला होता. एकतीस जणांनी उतरवून घेतला होता. कुणीतरी लिहिलं होतं, “खूप वेळ वाचला, आभार.” मी खाली लिहिलं: “हा फॉर्म वापरू नका. चूक माझी आहे. तुमची ‘नाही’ पुन्हा तपासा.” आणि का, तेही लिहिलं. परक्यांना सांगून झालं. ही चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरबाई दोन खोल्या पलीकडे बसल्या होत्या, तिथवर माझे पाय गेले नाहीत.

सकाळी चहा घेताना नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो.

“आमच्याकडे दाराच्या सेन्सरवर लोक चिकटपट्टी लावतात,” तो म्हणाला. “मग लिफ्ट अजिबात अडत नाही. इमारत खूश.”

“मग?”

“मग मला बोलावतात. कधी कधी माझ्याआधी अँब्युलन्सला.”

“नोकरी जाईल रे.”

“जाईल कदाचित.” त्यानं खोटं काही सांगितलं नाही. उठून माझा डबा भरला, झाकण तिरकं लावलं, आणि पिशवी दारापाशी नेऊन ठेवली.

डॉक्टरबाईंनी दोन वर्षं या चाचणीत घातली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“किती ‘नाही’ खरी आहेत?”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“अंदाजानंच तर भरलीयेत बाई.”

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“सिस्टरला. आणि एकतीस अनोळखी लोकांना.”

त्यांना हसू आलं की राग, मला कळलं नाही. “मी दर सोमवारी तो तक्ता बघत होते,” त्या म्हणाल्या. “त्रेचाळीस माणसांत एकालाही चक्कर नाही. मला शंका यायला हवी होती. मला बरं वाटत होतं.”

मग त्यांनी फोन उचलून बैठकीच्या प्रमुखांना सांगितलं की गोळी वाढवायची नाही, नोंदी विश्वासाच्या नाहीत. पलीकडून आवाज चढला. बाई “हो, जबाबदारी माझी” एवढंच दोनदा म्हणाल्या. मला टेबलाचा कोपरा धरावासा वाटला.

“फॉर्म बदलायचा अधिकार तुमच्याकडून काढून घेते आहे.”

“हो.”

“पुढचं वरचे ठरवतील. जुनी ‘नाही’ खोडायची नाहीत, त्यांच्याशेजारी ‘खात्री नाही’ लिहायचं. आणि आजच सगळ्यांना फोन. तुम्ही आणि सिस्टर. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.”

शिंपीकाकांना मी पहिला फोन केला, ते म्हणाले, “अहो, कालच तर सांगितलं!” दुसरा लागला नाही. तिसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. मी नाव सांगितलं, रुग्णालय सांगितलं, आणि विचारलं, “गोळी सुरू झाल्यापासून कधी चक्कर येते का?”

“येते ना. रोजच येते. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात पडलेसुद्धा. मला वाटलं, तुमच्याकडे लिहिलेलं असेल.”

माझ्यासमोर त्यांचं पान उघडं होतं. सहा भेटी, सहा ‘नाही’.

“थांबा हं,” त्या म्हणाल्या, “उभी आहे मी. बसून सांगते.”

“बसा आधी,” मी म्हटलं. “मी फोन धरते.”