सिपोरेचे अखेरचे पाणी

फाल्गुनाचे ऊन अष्टागरावर उतरते ते आधी पोफळींच्या शेंड्यांवर थांबते, मग विहिरींच्या काठांवर, आणि मग भुईवर हलकेच पाय टेकते. शेतांतून पांढरा कांदा निघालेला असतो. त्याच्या शुभ्र वेण्या ओसरी-ओसरीवर झुलत असतात. मोहोर गळून आंब्यांना मोत्याएवढ्या कैऱ्या धरलेल्या असतात. असा गंधभरला, सुवर्णवर्णी, निश्चिंत फाल्गुन. आणि त्या फाल्गुनात, नांदळी गावाच्या टोकाच्या घरात, सिपोरा थळकर मरणाची वाट पाहत पडली होती.

मरण तिला परके नव्हते. ती आणि तिचा नवरा हसकेल यांनी चाळीस वर्षे या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांची, इथल्या मराठी यहुद्यांची, मरणे सांभाळली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या जुन्या तेल्यांची ती वस्ती. तिथे पुरुष गेला की हसकेलला बोलावणे येई, बाई गेली की सिपोरेला. तो पुरुषांना धूत असे, ती बायकांना. कफन दोघे मिळून शिवत, एकाच दिव्याच्या दोन बाजूंना बसून. शुभ्र कापड, शुभ्र दोरा, आणि दोघांच्या मधले ते शुभ्र, सवयीचे मौन. ज्याचे आभार मानायला कोणी मागे वळून येत नाही, असे ते काम त्यांनी देवपूजेसारखे केले.

मग वस्ती ओसरली. एकेक घर इस्रायलला गेले, एकेक दार कुलुपाआड गेले. जे गेले नाहीत ते कबरस्तानात गेले, याच दोघांच्या हातून. आणि एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आले, की शेजारी कोणाच्याच घरी शब्बाथचा दिवा दिसत नाही.

त्यांना एकच मुलगी, केतुरा. अकरा वर्षांची असताना एकदा ती जेवता जेवता थांबली होती. आईने पुढे केलेल्या घासाकडे बघत म्हणाली होती, “आज याच हातांनी तू मेलेल्या बाईला धुतलंस.” सिपोरेने घास ताटात ठेवला, हात मागे घेतला. त्यानंतर तिने मुलीला कधी भरवले नाही. पुढे केतुरा वीस वर्षांची झाली, तेव्हा आईने एकदाच विचारले, “माझ्याकडून शिकून घेशील?” केतुरा नाही म्हणाली. लग्न करून ती इस्रायलमध्ये अश्दोदला गेली, आणि त्या नकाराचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

आता सिपोरेच्या पोटात पाणी झाले होते, डॉक्टरांनी हात टेकले होते. कौलांच्या फटीतून आलेला कवडसा तिच्या पांघरुणावरून सरकत होता, आणि हसकेल तिच्या उशाशी बसून तीच ती गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता.

“ठाण्याला जाऊ. तिथे आपल्या बायका आहेत. सगळं रीतीनं करतील.”

“तिथं मला ओळखतं कोण?” सिपोरा म्हणाली. “मी जिला धुतलं, तिला आधी हाक मारून धुतलं. मला काय म्हणून हाक मारतील त्या?”

“मग मी…”

“नाही. बाईला पुरुषाचा हात नाही. तुमचाही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो आणि स्वतःची वेळ आली की मोडायचं?” थोडा वेळ तिचा श्वास पुरला नाही. मग ती म्हणाली, “नामीला सांगा. भांडी घासताना बघितलंय मी तिला. काळजीनं करते.”

नामी शेजारची. आगऱ्याची बाई, पन्नाशीची, रोज सकाळी सिपोरेला वाटीभर पेज आणून देणारी.

“ती आपल्यातली नाही, सिपोरा.”

“मग आपल्यातलं कोण उरलंय?”

हसकेलने तिचे पांघरूण सारखे केले.

चौथ्या दिवशी, पहाट फुटून ऊन पोफळींच्या शेंड्यांवर आले असताना, ती गेली. हसकेलने तिचे डोळे मिटले, आरसा भिंतीकडे फिरवला, आणि कुंपणापाशी जाऊन नामीला हाक मारली. जे मागायचे ते त्याला नीट मागताही येईना. नामीनेच ते पुरे केले.

“काकी बोलल्या होत्या मला,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं सांगा, काका. मी करते.”

पडवीत फळी मांडली गेली. मधे पांढरी चादर दोरीवर टाकली गेली. आत नामी आणि तिची जाऊ. बाहेर, चादरीकडे पाठ करून, ऐंशी वर्षांचा हसकेल. समोर नारळीची वाडी उन्हात लखलखत होती. मागे त्याचे सारे आयुष्य निपचित पडले होते.

“आधी तिची माफी माग,” तो म्हणाला.

“कशाची?”

“तिचा मान राखताना आपल्या हातून काही चुकलं, तर त्याची. नाव घेऊन माग.”

मग नामीचा आवाज आला, रोजच्यासारखा, जणू पेजेची वाटी पुढे करत असावी. “सिपोराकाकी, माफ करा. मला येत नाही, तरी करते.”

हसकेलने पडवीचा खांब घट्ट धरला.

“डोक्यापासून सुरू कर. मग उजवी बाजू, मग डावी. लागेल तेवढंच उघड, लगेच झाक. पालथी करायची नाही. तिच्या अंगावरून एकमेकींना काही देऊ नका, वळसा घालून द्या.” तो बोलत होता आणि पाणी वाजत होते. तो थांबे, पाणी थांबे. त्याचा शब्द म्हणजे नामीचा हात. नामीचा हात म्हणजे त्याचा शब्द. जिला तो पन्नास वर्षे ओळखत होता, ती आता केवळ आवाजातून, केवळ ओल्या कापडाच्या मंद, मृदू, पुनःपुन्हा येणाऱ्या सळसळीतून त्याच्यापाशी पोचत होती.

“काका, डाव्या मनगटावर डाग आहे. निघत नाही.”

“तो भाजल्याचा आहे,” हसकेल म्हणाला. “राहू दे.”

मग खंड पडू न देता ओतायचे पाणी. एक घागर रिती होण्याआधी दुसरी, दुसरी रिती होण्याआधी तिसरी. ती धार त्याने कानांनी मोजली. अखंड आली, अभंग आली, आणि संपली. कफनाचे बंद बांधताना नामी अडली, त्याने सांगितले, “गाठ नको. नुसता फास ठेव, ओढला की सुटेल असा.” एवढे बोलून झाल्यावर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरले नाही. तो उभाच राहिला. थोड्या वेळाने चादर बाजूला झाली आणि नामी बाहेर आली, कोपरापर्यंत ओली, आणि त्याच्याकडे न बघता विहिरीकडे निघून गेली.

पनवेलहून पाच पुरुष आले. हसकेल धरून सहा. मृतासाठीची कद्दिश ही प्रार्थना म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात; ठाण्याहून निघालेली दुसरी गाडी वाटेत बंद पडली होती. ते थांबले. सूर्य सुरूच्या झाडांवर आला, थांबले. सूर्य झाडांआड गेला, आणि आणखी थांबता येईना. कबरस्तानाच्या कुंपणाशी नांदळीतले तीस-चाळीस गडी टोप्या हातात घेऊन उभे होते. खड्डा त्यांनीच खणला होता. पण दहांच्या त्या मोजणीत त्यांतला एकही धरता येत नव्हता. सिपोरा मातीत गेली. कद्दिश झाली नाही. पनवेलच्या माणसांपैकी एकाने हसकेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी केतुराचा फोन आला. युद्धामुळे तिच्याकडचे आकाश बंद होते, विमाने उडत नव्हती. ती बराच वेळ रडली. हसकेल सुतकाच्या रीतीने जमिनीवर बसून ऐकत होता. नामी उंबऱ्याशी त्याच्यासाठी उकडलेली अंडी आणि मसुराची आमटी घेऊन उभी होती.

“बाबा,” केतुराने विचारले, “आईला कोणी धुतलं?”

“बायका होत्या.”

“कोण कोण?”

उभ्या जन्मात जो मृतांच्या नातलगांशी खोटे बोलला नव्हता, तो हसकेल थळकर म्हणाला, “लेआबाई होत्या. रहमाबाई होत्या. तुझी सारामावशी आली होती.”

लेआबाईंना जाऊन नऊ वर्षे झाली होती. रहमाबाईंना सहा. सारामावशीला सिपोरेने धुतले होते, आणि त्याच आठवड्यात आपल्या हाताने तसे पत्र मुलीला लिहिले होते.

पलीकडे केतुरा गप्प झाली. समुद्रापलीकडची ती शांतता लांबत गेली, लांबत गेली.

“बरं झालं, बाबा,” शेवटी ती म्हणाली. “मग सगळं नीट झालं असेल.”

“नीट झालं.”

“शिकून घे म्हणाली होती ती मला,” केतुरा म्हणाली, आणि फोन ठेवला.

नामीने ताट त्याच्यापुढे ठेवले. हसकेलची मान वर होईना. “नामी, मी तुझं नाव घेतलं नाही.”

“माझ्या नावाचं काय करायचंय?” ती म्हणाली. “पोरीला झोप लागली पाहिजे.” पण ती लगेच गेली नाही. उंबऱ्याशी बोटे चोळत म्हणाली, “काका, तुमच्या वेळी माझा नवरा करील. पण सांगणार कोण?”

हसकेल तिच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांची ती रीत, ते शब्द, तो क्रम आता या एका देहात उरला होता. आणि तो देह ज्या दिवशी फळीवर निजेल, त्या दिवशी चादरीबाहेर उभे राहून सांगायला कोणीही असणार नव्हते. नामीच्या प्रश्नाला त्याने मान हलवली. होय असेही नाही, नाही असेही नाही.

ती गेली. ताटातली आमटी निवत गेली. दारातून खाडी दिसत होती, आणि खाडीला ओहोटी लागली होती. पाणी काठ सोडत होते, खुंट सोडत होते, चिखलात कलंडलेली एक होडी सोडत होते. पिवळे पाणी, मग राखी पाणी, मग पाण्याची नुसती रेघ. होडी कुशीवर झाली, आणि तिच्याभोवती, जिथवर दृष्टी जाईल तिथवर, ओला, मूक, उघडा चिखल पसरत गेला.