पेंढ्यातली जागा

गुणाजीनं पहिला कोयता घातला तो पाटावर. माणसावर नाय, पाटावर. पण काय घातला! मूर्ती ठेवून न्यायला आणलेला तो जुना सागवानी पाट फाटकन उभा चिरला, आणि एक ढलपी उडून साईराजच्या भुवईत घुसली. रगत डोळ्यात उतरलं तसा साईराज किंचाळला, "भावजी, डोकं फिरलंय काय तुमचं? मूर्ती न्यायला आलोय मी, मारामारीला नाय!"

"मूर्ती जाणार नाय. हात लावलास तर मनगट इथं ठेवून जाशील."

पेणला रामवाडीतला गणपतीचा कारखाना तो. चतुर्थी उद्यावर आलेली, निम्म्या मूर्ती गेलेल्या, निम्म्या प्लास्टिकखाली रांगेत बसलेल्या, आणि मधल्या बोळात गुणाजी, काथ्या कापायचा कोयता घेऊन उभा. गुणाजी इथला साच्यावाला, मागल्या शेडमधला. त्याची बायको शकू पण इथलीच, डोळे आखायची. आणि डोळे आखणारी म्हणजे कारखान्यात तिचा शब्द मालकाच्या वर. कॅन्सरनं दोन वर्षं तिला कुरतडली आणि आषाढात नेली.

शकूचं माहेर रोह्याचं. तिकडं दरवर्षी दीड दिवसाचा गणपती जायचा, तो तिनंच डोळे आखलेला. यंदाचापण होता. मागच्या फळीवर, तोंडावर हिरवा रुमाल टाकून. केस गेल्यावर शकू डोक्याला बांधायची तोच रुमाल. ती गेली त्या दिवशी गुणाजीनं तो मूर्तीवर टाकला, मग ना स्वतः काढला, ना कुणाला काढू दिला. तिच्या हातचं शेवटचं तेवढंच उरलेलं. आणि हा धाकटा मेव्हणा ते नेणार, दीड दिवस पुजणार आणि कुंडलिका नदीत सोडणार!

"एकदा सोडली तिला पाण्यात," गुणाजी ओरडला, "ह्या हातांनी! दुसऱ्यांदा नाय सोडणार!"

"तुमची बायको होती, तशी माझी ताई नव्हती?" साईराजचा आवाज फाटला. "आई सकाळधरनं ओट्यावर बसलीय. तिला बघायचंय ताईच्या हातचं. सरका!"

आणि तो घुसलाच. गुणाजीनं त्याचे केस धरले आणि डोकं शेडच्या उभ्या वाशावर आपटलं. एकदा आपटलं, परत आपटलं. साईराजनं खाली वाकून त्याच्या मांडीला जो चावा घेतला, लेंग्यासकट मांस आलं असतं. दोघं आडवे पडले, रंगाचे डबे कलंडले, गुलाबी रंगात रगत मिसळलं, कुणाचं किती ते कळेना. गुणाजीनं मेव्हण्याच्या गळ्यावर गुडघा टेकवला आणि कोयता वर नेला.

मागनं कुणीतरी कवळ घातली. गुणाजीनं न बघताच कोयता मागं फिरवला. चरकन आवाज आला. कवळ सुटली.

विठू होता. कारखान्याचा टेम्पोवाला विठू. कोपरापासून मनगटापर्यंत हात उघडा पडलेला.

गुणाजीचा गुडघा मेव्हण्याच्या गळ्यावरनं निघाला. तो हात त्याच्या ओळखीचा. केमोला परळला जायचं तर शकूला बसवत नसे, हाडं दुखायची. मग विठू टेम्पोत मूर्तीला अंथरतात तसा पेंढा अंथरायचा, ह्याच हातांनी तिला उचलून मधोमध ठेवायचा. माती मळणारी म्हातारी धोंडुबाई पेजेचा डबा घेऊन उशाशी, आणि शकूच्या हाताखाली शिकलेली नम्रता पायाशी, खड्डा आला की दोघी तिला दाबून धरायच्या. प्रत्येक खेपेला. सीझनमध्येसुद्धा.

"बाजूला हो विठू," गुणाजी म्हणाला. "सगळ्यांनी बाजूला व्हा!"

तेवढ्यात नम्रता सरळ फळीकडं गेली. "गुणादा, बस झालं. त्या मूर्तीपायी माणूस मारणार तू? ते डोळे वहिनीचे नायत. मी आखलेत."

"खोटं बोलतेस!"

"नाय बोलत. हात टिकत नव्हता तिचा. ब्रश धरला की शिलाई मशीनच्या सुईसारखा थरथरायचा. तिनंच शपथ घातली होती, गुणादाला सांगू नका म्हणून."

गुणाजी तिच्या अंगावर धावला, खरंच धावला, कोयता घेऊन. धोंडुबाईनं शाडूच्या गाळाची बादली उचलली आणि धाडकन त्याच्या तोंडावर मारली. गाळ नाय, बादलीच. नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो पडला तसा विठू रक्ताळल्या हातानिशी त्याच्या छातीवर बसला आणि लाथेनं कोयता लांब उडवला.

"मेल्या," धोंडुबाई धापा टाकत म्हणाली, "तुझ्या बायकोची घाण काढलीय मी ह्या हातांनी. तुला मारायला मला लाज वाटंल काय?"

नम्रतानं रुमाल ओढला.

गुणाजी खालनंच बघत होता, एका डोळ्यात गाळ, एका डोळ्यात पाणी. शकूची भुवई शेवटाला लांब जायची, पार कानाकडं. पंधरा-वीस वर्षं बघितलेली भुवई. ही तोकडी होती. नीट, छान, पण तोकडी. इतके दिवस रुमालाखाली तो भलत्याच डोळ्यांची राखण करत बसला होता.

"मग ती... ती रोज इथं येऊन काय करायची?"

"ठिपका," नम्रता म्हणाली. "बुबुळातला पांढरा. काडीपेटीची काडी बुडवायची आणि नुसती टेकवायची. तेवढंच जमायचं तिला. आम्ही डोळे आखत पुढं जायचो, मागनं ती टेकवत यायची. ह्याला पण तिचाच, आणि ह्या अख्ख्या रांगेला तिचाच."

विठू उठला. गुणाजी रांगत गेला आणि दोन्ही हातांनी टराटरा प्लास्टिक फाडत सुटला. एकेक मूर्ती उघडी पडली, डोळे चमकत होते. अर्धी रांग मोकळी होती. त्या मूर्ती कधीच पनवेलला, ठाण्याला, कुणाकुणाच्या घरी गेलेल्या. आता तो कुणाकुणाच्या दारात कोयता घेऊन उभा राहणार होता? त्यानं वाशावर डोकं आपटलं. साईराजचं आपटलेलं त्याच वाशावर. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात मध्ये साईराजचा तळहात आला.

"पुरे करा भावजी. वासा पडंल, मूर्त्या फुटतील."

गुणाजीनं काथ्याची गुंडी घेतली. दुभंगलेला पाट जुळवला आणि साचा बांधतात तसा करकचून बांधला. त्यावर मूर्ती ठेवली, तोंडावर परत तोच हिरवा रुमाल टाकला आणि पाट स्वतः उचलला.

विठूच्या हाताला धोंडुबाईनं लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, तो काय चालवणार! टेम्पो साईराजनं चालवला, एका डोळ्यानं. बाकी सगळे मागं. पेंढ्यात मधोमध मूर्ती, शकू असायची तिथं, उशाशी धोंडुबाई, पायाशी नम्रता. चिंधी कासू गावापर्यंत भिजून टपकायला लागली, तसा गुणाजीनं आपला तळवा त्या जखमेवर दाबून धरला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. दोन वर्षांचं बोलायचं होतं. सुजलेल्या नाकातनं नुसता फुर्र आवाज आला.

"आधी दवाखान्यात जाऊ," तो कसाबसा म्हणाला, "नागोठण्याला. टाके घालू तुला."

"आधी मूर्ती," विठू म्हणाला. "म्हातारी तिकडं रोह्याला ओट्यावर बसलीय."

खड्डा आला. धोंडुबाई आणि नम्रतानं सवयीनं मूर्तीला दोन्हीकडनं दाबून धरलं. गुणाजीनं हात आणखी जोरात दाबला.

"हळू दाब रे भाड्या," विठू कळवळला, "कापलास तेवढा पुरे नाय काय?"

गुणाजीनं रोह्यापर्यंत हात काढला नाय.