बोभाटा माझ्या क्लचचा

मी एक जुनी, लांब पाठीची, हाताने गिअर टाकायची मोटार आहे. रंग निळा होता, आता निळसर म्हणायचा. हल्ली मी फ्रिसलंड नावाच्या समुद्रकाठच्या मुलखात एका तबेल्यामागे उभी असते. माझ्या मागच्या सीटवर खोगीर पडलेलं असतं आणि फटीफटींत गवताच्या काड्या अडकलेल्या असतात. मित्रांनो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. ती ज्या माणसाबद्दल आहे त्याच्याशी मला बोलता येत नाही, म्हणून तुमच्यापुढे बसले आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड गावातल्या कारखान्यात झाला. तिथली आठवण फारशी नाही. मला खरी जाग आली ती सिब्रन हुक्स्त्राने माझा दरवाजा उघडून क्लचवर डावा पाय ठेवला तेव्हा. सिब्रन कालव्यावरचा पूल उघडायचा आणि मिटायचा. होड्या आल्या की पूल वर, होड्या गेल्या की पूल खाली, आणि दिवसभर पुलाच्या खोलीचा लोखंडी जिना चढायचा-उतरायचा. गडी उंच, हाडापेराने मजबूत, आणि स्वतःच्या पायांचा त्याला भारी अभिमान.

त्याने मला घेतलं ते कॅरावॅन ओढायला. कॅरावॅन म्हणजे चाकांवरचं घर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हिवाळाभर ती एका शेतकऱ्याच्या रिकाम्या गोठ्यात झोपायची. ईस्टर आला की तिला बाहेर काढून, अंगावरचं हिरवं शेवाळ घासून लख्ख करायचं आणि उन्हाळ्यात माझ्यामागे जोडून थेट फ्रान्सच्या डोंगरात जायचं, हा हुक्स्त्रांचा नेम. सिब्रनची बायको रिंस्के सामान भरायची. सामानात काय नसायचं? शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरण्या, पावावर घालायचे चॉकलेटचे दाणे, कॉफी, आणि बटाटे. पोतंभर बटाटे!

"अगं, फ्रान्समध्ये बटाटे मिळत नाहीत का?" सिब्रन दरवर्षी विचारायचा.

"मिळतात. पण ते चिकट असतात," रिंस्के दरवर्षी सांगायची, आणि पोतं कॅरावॅनच्या बाकाखाली सरकवायची.

मी ते सगळं ओढलं. बेल्जियम ओलांडलं, लक्झेंबर्गचे चढ चढले, घाटात दुसऱ्या गिअरवर दम खात वर गेले. खाली उतरताना सिब्रन मला खालच्या गिअरमध्ये ठेवायचा. मागून वजन रेटत असायचं, पण मी इंजिनाच्या जोरावर ते धरून ठेवायची आणि ब्रेक थंड राहायचे. वर पोहोचलो की तो खाली उतरायचा आणि माझ्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. "शाब्बास गं," एवढंच म्हणायचा. मला दुसरं काही नको होतं.

आणि दिमाखाची खरी जागा तर पुढेच होती. तुम्ही आमच्या कॅरावॅनवाल्या लोकांच्या सुट्टीतल्या छावणीत कधी गेला असाल तर तुम्हाला माहीत असेल. नवीन कॅरावॅन आली रे आली की सगळी ओळ हातातली कॉफी घेऊन खुर्च्या वळवून बसते. आता हा कॅरावॅन मागे कशी घेतो ते बघायचं! कोणी दोनदा पुढे-मागे केलं की माना हलतात, तिसऱ्यांदा केलं की हसू फुटतं. सिब्रन एका झोकात घ्यायचा. अर्धा क्लच, बोटाएवढा वेग, डावीकडे किंचित, उजवीकडे किंचित, आणि कॅरावॅन बरोबर दोन झुडपांच्या मध्ये. मग टाळ्या पडायच्या. सिब्रन असा चेहरा करायचा की जणू काही झालंच नाही, आणि मी मनातल्या मनात फुलून जायची.

रिंस्केचा भाऊ दाउवे मात्र ऑटोमॅटिकवाला. त्याच्या गाडीला क्लचच नव्हता. दोघं भेटले की वाद ठरलेला.

"अरे सिब्रन, वाहनांच्या रांगेत डावा पाय नाचवत बसण्यात काय मजा आहे तुला?" दाउवे म्हणायचा.

"मजा नाही, अक्कल लागते त्याला. ऑटोमॅटिक म्हणजे चालकाला पाहुणा करून ठेवलंय नुसतं. माझे पाय गळून पडतील त्या दिवशी घेईन."

"लिहून देतोस?"

"कोरून देतो!"

मित्रांनो, मी ऑटोमॅटिकचा दुस्वास करत नाही. खरं सांगायचं तर जड ओझं घेऊन चढावर उभं राहायचं, पुन्हा निघायचं, रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकायचं, यात ती गाडी माणसाला फार सुख देते. क्लच जळण्याची धास्ती नाही. दुरुस्तीला मात्र ती महाग, आणि वजन किती ओढता येईल ते आधी नीट बघावं लागतं. माझ्यासारखीला सांभाळणं सोपं, पण मला पाय लागतो. चांगला, शाबूत, डावा पाय. ज्याला जी जमेल ती त्याने घ्यावी. यात भांडण्यासारखं काय आहे?

दाउवेची मुलगी निन्के. तिला गाडी शिकवली ती सिब्रनने, आणि माझ्यावरच. आमचा मुलूख ताटासारखा सपाट. चढ म्हणून आहे तो एकच, समुद्राच्या बांधावर जाणारा रस्ता. सिब्रन तिला तिथे न्यायचा, मधोमध थांबवायचा आणि म्हणायचा, "हँडब्रेक ओढ. क्लच हळूच वर आण. गाडी कुजबुजायला लागली की हँडब्रेक सोड. क्लचवर गाडी लटकवून ठेवायची नाही, जळतो तो." इतकं नीट त्याला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

पुलावरची नोकरी संपली त्या वर्षी त्याचा डावा गुडघा बिघडला. घरात कोणाला ठाऊक होतं मला माहीत नाही, पण मला सगळ्यांत आधी कळलं. पाय माझ्यावर असतो ना! आधी क्लच दाबताना एक बारीकशी थरथर यायची. मग सोडताना पाय मध्येच अडकायचा. सिग्नलला थांबलो की तो गुडघा दाबून धरायचा आणि रिंस्केने वळून पाहिलं की हात उचलून रेडिओचं बटण फिरवायचा. मला वाईट वाटायचं. मी माझ्या परीने जपून चालायची, पण क्लच हलका करणं काही माझ्या हातात नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्हाला मिळालेली जागा चढावर होती. खुर्च्या वळल्या. कॉफीचे पेले थांबले. सिब्रनने मागचा गिअर टाकला आणि अर्ध्या क्लचवर मला लटकवलं. हँडब्रेक ओढला असता तर पायाला विसावा मिळाला असता. पण हँडब्रेक ओढणं म्हणजे थांबणं, आणि सगळी ओळ बघत असताना सिब्रन हुक्स्त्रा थांबणार कसा? त्याचा पाय थरथरू लागला. मला जळका वास यायला लागला, तो माझाच होता. मग गुडघा एकदम वाकला, पाय सटकला, मी हिसका खाल्ला आणि कॅरावॅनने मागच्या पाण्याच्या नळाला धडक दिली. नळ तुटला. पाण्याचं कारंजं थेट शेजारच्या तंबूवर.

"अहो, आंघोळीची सोय पलीकडे आहे!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी ओळ हसली.

सिब्रन उतरला. दार आपटलं. लाल झालेल्या चेहऱ्याने त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "क्लच! या गाडीचा क्लचच गेलाय! माझी काय चूक?"

इतक्या वर्षांत तो माझ्याबद्दल पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि तेही इतक्या लोकांपुढे. चार-पाच जणांनी कॅरावॅन हाताने ढकलून जागेवर नेली. एकाने माझ्या चाकाला बुटाचं टोक मारून पाहिलं आणि "बिचारी म्हातारी झाली" म्हणाला. बॉनेटवर कोणी हात ठेवला नाही.

रिंस्के तिथेच उभी होती, ओल्या चपलांनी. ती हळू आवाजात म्हणाली, "माझे बटाटे जास्त झाले का रे?"

सिब्रन वाकून तुटलेला नळ बघू लागला. मित्रांनो, नाही म्हणायला एकच शब्द लागतो. तोही त्याच्या तोंडून निघाला नाही.

परतीच्या वाटेवर मी सरळ आले, बेल्जियमचे चढही चढून आले. गेलेल्या क्लचने कोणी घरी येतं का? मला आशा होती की घरी पोहोचल्यावर तरी तो खरं सांगेल. पण सप्टेंबरात त्याचा वाढदिवस आला. बागेत खुर्च्या गोलाकार मांडल्या, केकचा एकेक तुकडा वाटला आणि जो तो सगळ्यांचं अभिनंदन करू लागला, आमच्याकडे तशी रीत आहे. मी कुंपणाशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

दाउवेने विचारलं, "काय मग, पाय गळून पडले का? ऑटोमॅटिक घेतोयस म्हणे!"

"पायाचा काय संबंध?" सिब्रन उसळला. "गाडीच कामातून गेली. ओढायची ताकद राहिली नाही तिच्यात. भर चढावर दगा दिला तिने मला."

दगा! मी दिला! मला त्या दिवशी इतका राग आला की जमलं असतं तर मी एकटीच सुरू होऊन निघून गेले असते. मेहुण्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून त्याने माझं नाव मातीत घातलं. आणि रिंस्के केकची बशी हातात घेऊन म्हणाली, "माझंच चुकलं. पोतंभर बटाटे भरले होते मी." सगळे हसले. सिब्रनही हसला.

थोड्याच दिवसांत दारात चकचकीत ऑटोमॅटिक आली. मला निन्केने नेलं. तिला घोडी न्यायची गाडी ओढायला वाहन हवं होतं. चावी देताना सिब्रनने तिच्याकडे न बघता सांगितलं, "क्लच कच्चा आहे हं. मागाहून म्हणू नकोस."

"बघू की, काका," निन्के म्हणाली.

तिने बघितलं. तिने माझ्यामागे घोडीची गाडी जोडली, घोडीसकट, कॅरावॅनपेक्षा जड. चिखलातून, ओल्या कुरणातून मी ती ओढली. दोन वर्षं झाली, एकदाही जळका वास आला नाही. कोणाला पटवायला मी हे केलं नाही, पण मनात एक हिशेब होता. कधीतरी त्याने पाहावं.

गेल्या रविवारी त्याने पाहिलं. आम्ही घोडीला घेऊन बांधावर चढत होतो आणि मधोमध मेंढ्या रस्त्यात आल्या. थांबावं लागलं, भर चढावर. वर बाकावर सिब्रन आणि रिंस्के थर्मासमधली कॉफी पीत बसले होते, शेजारी त्यांची ऑटोमॅटिक. मेंढ्या आपल्या सवडीने गेल्या. निन्केने हँडब्रेक ओढला होता. क्लच हळूच वर आणला, मी कुजबुजले, तिने हँडब्रेक सोडला, आणि मी घोडीला घेऊन अलगद वर आले. घोडीला झोपेतून जागसुद्धा आली नसती.

निन्के उतरली. सिब्रन माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "नवा क्लच टाकलास वाटतं."

"नाही काका. तोच आहे. तुमचाच."

रिंस्केने हातातला पेला खाली ठेवला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या गुडघ्याकडे. त्याचा हात नेमका तिथेच होता, दाबून धरलेला.

"सिब्रन," ती म्हणाली, "दोन उन्हाळे मी घरचे बटाटे नेले नाहीत, तिथले ते चिकट बटाटे खाल्ले रे."

तो उठला. "वारा सुटलाय, निघू या," म्हणाला आणि लंगडत माझ्या अगदी जवळून गेला. इतक्या जवळून की हात नुसता लांब केला असता तरी बॉनेटला लागला असता. त्याने हात खिशात घातला. ऑटोमॅटिकमध्ये बसला आणि गेला. रिंस्के त्याच्यासोबत गेली नाही. ती माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली आणि निन्केला म्हणाली, "मला घरी सोड. वाटेत बटाटे घ्यायचेत."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, विकाल. ऑटोमॅटिक घ्या, नाही तर हाताची घ्या, तुमच्या पायांना विचारून घ्या. जुनी नकोशी झाली तर खुशाल द्या कोणाला. आम्ही यंत्रं, आम्हाला बदलावंच लागतं. पण दुखणं तुमचं असेल तर ते तुमच्याच नावाने सांगा. आम्हाला तोंड नाही, आमच्यावर घातलेला आळ आम्हाला पुसता येत नाही. आणि निघताना एकदा बॉनेटवर हात ठेवून जा. मी अजून वाट बघते आहे.