टेपाच्या वाडीचा एकच नंबर

"एवढंच लिही, की टेपाच्या वाडीतली गिऱ्हाइकं तू बोगस दाखवलीस. बाकी मी सांभाळतो," असं म्हणत शाखा सांभाळणाऱ्या धनेश सरांनी लॅपटॉप सारिकापुढे सरकवला. तिला वाटलं, हा माणूस थट्टा करतोय. पण त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं होतं, आणि त्या ऑफिसात दार लावायची पद्धतच नव्हती. तिथे सगळे 'फॅमिली' होते ना!

ऑफिस शहापूरला, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. कंपनीचं नाव 'दारोदार'. मोबाइलवर हवं ते मागवा, दारात आणून देतो, असा धंदा. आपल्याकडे दारोदार कोण फिरतं, हे बेंगळुरूच्या साहेबांना कुणी सांगितलं नसावं. कंपनी अशी काही झपाट्याने वाढत होती की माणसाला आपल्या हुद्द्याचं नाव पाठ होईपर्यंत ते बदललेलं असायचं. बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, पण बेंगळुरूहून पोत्यासारख्या गुबगुबीत गाद्या आल्या होत्या. त्यात बसलेल्याला उठवायला दुसरा माणूस लागायचा. नवं गिऱ्हाईक जोडलं की घंटा बडवायची, टाळ्या पिटायच्या आणि संध्याकाळी टार्गेट वाढवून द्यायचं. गावदेवीच्या जत्रेला रजा मागितली तर वर ऐकून घ्यायचं, "फॅमिलीला सोडून कुठे निघालीस?" आणि आता त्याच फॅमिलीने कागदावर चोर व्हायला सांगितलं होतं.

टेपाची वाडी सारिकाची स्वतःची. उंबरमाळी स्टेशनला उतरून वर चढत गेलं की रानाच्या कडेला लागते. खाली भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी. तरुण पोरं कामाधंद्याला बाहेर, आणि जाताना चांगले फोन घेऊन गेलेली. वाडीत नेटवर्क औषधालाही नाही. मिळतं ते एकाच जागी, देवळामागच्या कातळावर. आणि दिवसा वाडीत असणारा, त्या कातळावर नेऊन चालेल असा एकच फोन होता, तो सारिकाच्या चुलतीचा, गुणाबाईचा. तिचा मुलगा कसाऱ्याला रेल्वेत, त्याने घेऊन दिलेला.

दुपारची कामं आटपली की बायका कातळावर जमायच्या. एकीला कुकरची शिट्टी हवी, एकीला पोराचे शाळेचे बूट. गुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण चित्र बघून नेमकं बोट टेकवायची. सगळ्या वाडीचा माल एका गोणीत यायचा, गुणाबाईच्या ओटीवर सुटायचा आणि जिचं तिच्या घरी जायचा. ही रीत कुणी शिकवली नव्हती. दळण एकीनेच खाली न्यायचं, रेशन एकानेच आणायचं, तसंच हे.

कंपनीच्या खात्यात मात्र घरागणिक वेगळा नंबर लागायचा. वाडीची गिऱ्हाइकं जोडतानाच सारिकाने विचारलं होतं, "सर, घरं वेगळी, पण फोन एकच आहे. कसं करू?"

"अगं, टाक ना वेगवेगळी खाती, नंबर तोच टाक," धनेश सर म्हणाले होते. "घरं तर खरी आहेत ना? वरच्यांना वाढ दिसली पाहिजे."

धनेश सर काही परदेशातून आले नव्हते. मुरबाडचे. जीपच्या टपाला लोंबकळत कॉलेजला गेलेला माणूस. वाडीत नेटवर्क नसतं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको होतं. ते स्वतः वाडीवर आले होते, गुणाबाईच्या ओटीवर मांडी घालून चहा प्यायले होते, "काकी, तुमी आमची शान आहात," असं म्हणाले होते. सारिकाचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागला. धनेश सरांना बढती मिळाली, कंपनीची गाडी मिळाली.

मग कंपनीत पैसा घालणारे कुणी मोठे लोक तपासणीला आले. त्यांना दिसलं, सगळी वाडी आणि नंबर एक. त्यांनी विचारलं, हे काय आहे? त्या वेळी खरं बोलायला धनेश सरांची जीभ रेटली नाही.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं," सारिका म्हणाली.

"मी कुठे नाकारतोय? पण माझं नाव आलं तर सगळी शाखा बसेल. तुझं आलं तर नवीन मुलगी होती, चुकली, एवढंच होईल. तुला मी मुरबाडला मोठ्या जागेवर घेतो."

"माझी काकी बोगस आहे, असं मी लिहून देऊ?"

"काकीचा काय संबंध? आकड्यांचा विषय आहे हा. तिला कळणार पण नाही."

सारिकाने लॅपटॉप मिटला. 

तिने लिहून दिलं नाही, तरी त्याच संध्याकाळी गुणाबाईचा नंबर बंद झाला. दुसऱ्या दिवशी कातळावर फोन उघडला तर तांबड्या अक्षरात काहीतरी आलेलं. गुणाबाईने ते शेजारच्या गिरजाच्या मुलीकडून वाचून घेतलं, मोठ्याने, सगळ्या बायकांच्या देखत. फसवणुकीच्या कारणावरून आपले खाते बंद करण्यात आले आहे. झालं. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या शेतातली काडी न उचललेली बाई, आणि एका यंत्राने चारचौघींत तिला लबाड ठरवली. म्हाताऱ्या धोंडीबाईचा गुडघ्याचा पट्टा यायचा होता. ती भांडली नाही, पण पाणवठ्यावर तोंड फिरवून उभी राहिली. बाकीच्याही हळूहळू कातळावर यायच्या थांबल्या.

तांबडी अक्षरं आली त्याच संध्याकाळी सारिका घरी आली तेव्हा गुणाबाई ओटीवर बसून होती. फोन लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलेला.

"सारिके, मी कुनाला फसवला गो?"

 सारिकाने तिला सगळं सांगितलं, धनेश सरांचं दार लावून घेणंसुद्धा. गुणाबाईने फडक्याची गाठ आणखी आवळली.

"तो चहा प्यायला व्हता आपल्याकडं," ती म्हणाली. "वर साखर मागून घेतलान."

शुक्रवारी कंपनीची मोठी सभा असायची. देशभरच्या शाखा आपापल्या स्क्रीनवर, मधोमध बेंगळुरूचे साहेब. सारिका त्या दिवशी ऑफिसला गेली नाही. सकाळीच घरोघर फिरली, धोंडीबाईच्या पायऱ्यांवर तर हटून बसली, आणि सगळ्यांना कातळावर घेऊन आली. सभा तिने आपल्या फोनवरून लावली. धनेश सर स्क्रीनवर आले, इस्त्रीचा शर्ट, गंभीर चेहरा.

"एका स्थानिक कर्मचाऱ्याने टेपाच्या वाडीत बोगस ग्राहक दाखवले होते," ते म्हणाले. "आपण सफाई केली आहे."

सारिकाने आवाज सुरू केला आणि फोन बायकांपुढे धरला.

"मी गिरजा. कुकरची शिट्टी मागवली व्हती. हाय घरात, येऊन बघा."

"मी धोंडीबाई. माजा गुडघ्याचा पट्टा कुटं हाय? आनि गुणाला लबाड बोलनारा तू कोन रे?"

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. कोण बूट दाखवतेय, कोण पोराला पुढे करतेय. पलीकडे कुणीतरी घाईघाईने आवाज बंद केला. तोवर देशभरच्या शाखांतल्या पोरापोरींनी स्क्रीनभर टाळ्या आणि बदाम उधळले होते, कारण प्रत्येकाच्या शाखेत एक धनेश सर असणार.

संध्याकाळपर्यंत सारिकाचं कंपनीतलं खातं बंद झालं. कारण द्यायची तसदीही कुणी घेतली नाही. नोकरी गेली ती गेली. पण शनिवारी धोंडीबाई पाण्यावर गुणाबाईची कळशी स्वतः उचलून द्यायला लागली, गुडघा दुखत असताना.

यावर तरी कंपनीला लाज वाटावी की नाही? छे! आठवड्याने धनेश सर गाडी घेऊन आले, ती खाली ठेवून वर चालत, घामाघूम, हातात पेढ्यांचा बॉक्स. कातळावरचा तो व्हिडिओ साहेबांना फार म्हणजे फार आवडला होता. त्याची जाहिरात करायची होती. 'खरी माणसं, खरा विश्वास'. फक्त गुणाबाईची परवानगी हवी होती, कारण सगळ्या वाडीचा नंबर तिचा.

"आणि सारिका, तुला परत घेतोय," ते म्हणाले.

"वाडीचा माल सुरू होणार?"

"ते दुसरं डिपार्टमेंट बघतं गं. हळूहळू होईल."

त्यांनी कातळावर जाऊन आपल्या फोनवर परवानगीचं पान उघडलं. गुणाबाईच्या नंबरवर कोड येणार, तो टाकला की काम झालं. कोड आला नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा नाही. मग पानावर तेच तांबडं वाक्य आलं. हा नंबर फसवणुकीच्या यादीत आहे.

धनेश सरांनी बेंगळुरूला फोन लावला. पलीकडून काजल नावाची मुलगी मोठ्याने बोलत होती, सगळ्यांना ऐकू येत होतं. नंबर सोडवता येईल, फक्त ज्याने तक्रार केली त्याने लिहून द्यावं लागेल, की ही माणसं खरी आहेत आणि आपण खोटं कळवलं.

धनेश सरांनी फोन ठेवला आणि रुमालाने मान पुसली.

"लिहा ना सर," सारिका म्हणाली. "एवढंच तर लिहायचं आहे."

ते इकडेतिकडे बघायला लागले. मग त्यांना युक्ती सुचली आणि चेहरा खुलला.

"असं करू. काकींच्या नावापुढे दुसऱ्या कुणाचा तरी नंबर टाकू. तुझाच टाक. कोण बघतंय?"

"एकाच्या नावावर दुसऱ्याचा नंबर?" सारिका म्हणाली. "सर, त्याला तुमच्या कंपनीत बोगस म्हणतात."

कुणी हसलं नाही. धनेश सरांनी पेढ्यांचा बॉक्स कातळावर ठेवला, तो गुणाबाईने उचलून परत त्यांच्या हातात दिला. मग ती घरी गेली आणि चहाची कपबशी घेऊन आली, कारण वर चढून आलेल्या माणसाला तसंच धाडायची वाडीची रीत नव्हती. धनेश सरांनी उभ्याउभ्या घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर नाय घातली," गुणाबाई म्हणाली. "कंपनीकडनं मागवली व्हती. आली नाय."