पाऊण इंची

मिस्त्रींना जावई आवडत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी लग्नाआधीपासून कुणापासून लपवली नव्हती. जावई यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. मिक्सरचं भांडं कसं बसवावं, शिलाई मशीनला तेल कुठे घालावं, ड्रिलचं बिट कसं बदलावं, असलं सगळं. "ज्याला खिळा ठोकता येत नाही तो खिळा कसा ठोकावा हे जगाला शिकवतो," असं मिस्त्री आपल्या फर्निचरच्या कारखान्यात येईल त्याला सांगायचे, आणि जावई आसपास असला तर जरा आवाज चढवून सांगायचे. तोंडावर मात्र ते त्याला जावईबापू म्हणत, अहो-जाहो करत. त्या अहो-जाहोत मावेल तेवढं विष ते भरून ठेवत.

लेक मात्र जीव की प्राण. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून लहानपणापासून ती सगळ्यांची भिंगरी. शाळेतून आली की दप्तर फेकून थेट कारखान्यात शिरायची. विशीत येईतो पॉलिशमध्ये तिचा हात बापापेक्षा सफाईदार झाला होता. आपल्यामागे कारखाना तिनेच चालवायचा, हे मिस्त्रींनी कधीच पक्कं करून टाकलं होतं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

एका रविवारी भिंगरी आणि जावई एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन दारात उभे राहिले. दुकानांना औषधांची खोकी पोचवणारी गाडी ती. पांढऱ्या पत्र्याला जागोजाग पोचे, मागची दारं उघडली की आत नुसता रिकामा डबा आणि कफ सिरपचा वास. त्या डब्यात पलंग, ओटा, कपाटं, पाण्याची टाकी असं सगळं बसवायचं आणि त्यातच राहायचं, असा दोघांचा बेत होता. जावयाचं काम लॅपटॉपवर, कुठेही बसून होणारं. भिंगरी वाटेतल्या गावांत पॉलिशची कामं धरणार. भाड्याचं घर त्यांनी सोडूनही टाकलं होतं, आणि गाडी तयार होईपर्यंत ते इथेच, माहेरी राहणार होते. किती दिवस फिरणार, असं आईने विचारलं तर भिंगरी म्हणाली, कंटाळा येईपर्यंत.

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते ऐकलं होतं, म्हणाले, पण आपल्याच पोरीला विंचवाच्या पदरात टाकलंय हे माहीत नव्हतं. जावई खाली मान घालून ताटातला भात चिवडत राहिला. भिंगरीने मात्र शांतपणे सांगितलं की ठरलंय, आणि बाबा काम करून देणार नसतील तर दुसरा सुतार बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चहाला बसले ते एकदम निवळलेले. दुसऱ्या कुणी करून पोरीच्या डोक्यावर फळी पाडण्यापेक्षा मीच करून देतो, म्हणाले. भिंगरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. बायको तेवढी कपबशी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने एका रात्रीत मत बदललेलं तिने पाहिलं नव्हतं.

मत बदललं नव्हतंच. मिस्त्रींच्या गिऱ्हाइकांत एक ट्रकवाला होता. त्याच्याकडून त्यांनी काढून घेतलं होतं की अशी गाडी आतून बदलली की तपासणी केंद्रात न्यावी लागते. तिथे टाकी भरून, माणसं बसवून तिला काट्यावर चढवतात, आणि वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर ती रस्त्यावर आणू देत नाहीत. मिस्त्रींना तेवढं पुरे होतं. पोरीला नाही म्हणण्याची गरजच नव्हती. नाही म्हणायचं काम काटा करणार होता.

आधी त्यांनी भिंगरीला दूर केलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका हॉटेलच्या जुन्या दारांचं पॉलिश होतं. ते काम तुझ्याशिवाय कुणाच्या हातून होणार नाही, असं सांगून तिला तिकडे पाठवलं. सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची, बोटं रंगलेली, डोळे चुरचुरत असलेले. मग गाडीपाशी उरले सासरे आणि जावई.

व्हॅनमध्ये पातळ, हलकी फळी लावतात हे न कळण्याइतके मिस्त्री नवशिके नव्हते. त्यांनी सगळीकडे पाऊण इंची प्लाय धरली. पलंगाला पाऊण इंची, ओट्याला पाऊण इंची, अगदी वरच्या छोट्या कपाटांच्या दारांनाही. जमिनीला भरीव लाकडाच्या पट्ट्या. आणि कडेची जाडी कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून प्रत्येक कड तासून वर गोल पट्टी. गंमत अशी की वाईट काम त्यांच्या हातून होईना. सांधा असा बसायचा की नख शिरणार नाही. कपाट बंद केलं की हळूच हवा दाबल्यासारखा आवाज यायचा. असं देखणं काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि ते वाया जावं म्हणूनच ते करत होते.

जावई हमाल झाला होता. ते जाड तक्ते कारखान्यातून गाडीपर्यंत तोच वाहायचा. मिस्त्री त्याच्याकडे काटकोन बघायचा गुण्या मागत, आणि त्याने आणून दिला की म्हणत, "राहू द्या जावईबापू, तुमच्या पुस्तकात याला वेगळं नाव असेल." त्याच्या तळहातांना फोड आले तेव्हा मिस्त्रींनी बायकोला हाक मारून, त्याच्यादेखत, साहेबांना मलम आण म्हणून सांगितलं. जावई उलटून बोलला नाही. एकदाच, ओट्याचा तक्ता खांद्यावरून उतरवताना, त्याने विचारलं की बाबा, हे जरा जड नाही का होणार. मिस्त्रींनी रंधा थांबवला आणि विचारलं, "तुम्ही करता का? मी बसतो बाजूला." त्यावर जावई पुढचा तक्ता आणायला गेला.

हॉटेलचं काम संपलं त्या संध्याकाळी भिंगरीने तयार गाडी पाहिली. तोवर, पुरी झाल्यावरच बघ म्हणून, मिस्त्री रोज दिवेलागणीआधी तिला कुलूप घालत. ती आत शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. कपाटं उघडून बघितली, मिटून बघितली, कडांवरून बोटं फिरवली. मग बाहेर आली. बाबा, एवढं सुंदर कशाला केलंत, एवढंच म्हणाली. मिस्त्रींनी सदऱ्यावरचा भुसा झटकला. मग त्यांनी सांगितलं की आता तपासणी करून घ्या.

दोघं सकाळी गेले आणि दुपारच्या आत परत आले. टाकी भरून गाडी काट्यावर चढवली तेव्हा तपासनिसाने आकडा दोनदा पाहिला, आणि आत तिजोरी ठेवलीय का असं विचारलं. मग तो जोराने हसला आणि त्याने गाडी नापास केली.

भिंगरीने अंगणात गाडी लावली. कुणाशी न बोलता कारखान्यात गेली, पटाशी घेऊन आली, आणि वरच्या कपाटाच्या दारावरची गोल पट्टी उचकटून काढली. उघडी पडलेली कड तिने अंगठा आणि बोटात धरून मापली. मिस्त्री दारात उभे होते.

"पाऊण इंची," ती म्हणाली. "कपाटाच्या दाराला. बाबा, तुम्ही शाळेच्या बाकांनासुद्धा ही वापरत नाही."

"रस्त्यावर हादरे बसतात. मजबूत हवं म्हणून..."

"आणि वर पट्टी कशाला मारलीत? मजबुती दिसू नये म्हणून?"

ती चिडली असती, रडली असती, तर मिस्त्रींना काही बोलता आलं असतं. तिने पटाशी पुसली आणि सांगितलं की यापुढे माझ्या गाडीला हात लावायचा नाही.

ती आत गेल्यावर अंगणातल्या नळावर जावई हात धुवायला आला. मिस्त्री तिथेच खिळल्यासारखे उभे होते. जावयाने सावकाश हात धुतले, नळ बंद केला आणि म्हणाला, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. एकेका तक्त्याचं वजन मांडून पाहिलं होतं मी."

मिस्त्रींना आधी समजलंच नाही. मग तिला का नाही सांगितलं, त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही पातळ फळ्या लावून दिल्या असत्या आणि तिच्या लेखी देवमाणूस राहिला असतात. प्रत्येक गावातून तिचा पाय मागे ओढला असता. आता नाही ओढणार." त्याने शर्टाला हात पुसले. "खड्डा तुम्हीच खणत होतात, बाबा. मी फक्त फावडं आणून देत होतो."

मिस्त्रींनी आजवर या माणसाला कस्पटासमान लेखलं होतं. खरा द्वेष त्या क्षणी सुरू झाला, कारण समोर आपल्याच तोलाचा माणूस उभा आहे हे त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन सगळं भिंगरीला सांगितलं. ती गाडीत बसून पलंगाचे स्क्रू काढत होती. त्यांनी शब्द न् शब्द सांगितला, फावड्यासकट. त्यांना वाटलं होतं, ही आता नवऱ्याचं सामान रस्त्यावर फेकेल. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी हॉटेलात दारं घासत होते."

त्या रात्रीपासून ती आईजवळ झोपायला लागली. जेवायलाही आईबरोबर, स्वयंपाकघरात. बाहेरच्या टेबलावर सासरे आणि जावई समोरासमोर बसत. मधे पाण्याचा तांब्या असे. ज्याला हवा असेल तो उठून घेई, दुसऱ्याकडे मागत नसे. एकदा मीठ कमी होतं, तर दोघंही तसंच अळणी जेवले. बायको नंतर भांडी घासताना म्हणाली की या घरात दोन बोके पाळले असते तर निदान उंदीर तरी कमी झाले असते.

गाडी भिंगरीने एकटीने पुन्हा उभी केली. जावई मदतीला गेला तर तिने त्याला लॅपटॉप उघडायला सांगितलं. जाड तक्ते तिने ओढत नेऊन कारखान्याच्या भिंतीला लावून ठेवले, आणि पातळ प्लाय बाहेरून आणली. बापाच्या ढिगातली एक पट्टीही घेतली नाही. पॉलिशमध्ये तिचा हात सोन्याचा, पण सुतारकी तिची नव्हती. मिस्त्री कारखान्यात बसून नुसत्या आवाजावरून ओळखत की स्क्रू तिरपा चाललाय, की करवत रेघ सोडून गेलीय. आपली दाढ कुणीतरी हलवत असावं तसे ते बसून राहत. शेवटी न राहवून त्यांनी बायकोकरवी निरोप धाडला की पातळ फळीला आधी बारीक भोक पाडून घे, नाहीतर चिरेल.

बायको उत्तर घेऊन आली. "मिस्त्रींना सांग, आपल्या कामाकडे लक्ष द्या, असं म्हणाली."

बाबांना नाही, मिस्त्रींना. गिऱ्हाईक म्हणतं तसं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.

या वेळी गाडी पास झाली. निघायच्या दिवशी सकाळी भिंगरी चालकाच्या जागेवर बसली, जावई बाजूला. तो तिच्याकडे पाहत होता आणि ती आरशाकडे. आईने खिडकीतून डबा दिला, तिच्या गालावरून हात फिरवला. मिस्त्री येणार नाही म्हणाले होते, पण आले, आणि खिडकीपाशी उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "याला नेतेस. यानेही तेच केलं."

जावयाला ऐकू गेलंच. भिंगरीने गाडी चालू केली.

"याला मी रस्त्यात बघते. तुम्हाला बघायचं तर इथे राहावं लागेल."

एवढं बोलून तिने काच वर केली. फाटकातून गाडी वळताना मागे कुठेतरी भांडं घसरल्याचा आवाज आला, पण ती थांबली नाही.

त्यानंतर फोन यायचे ते आईच्या फोनवर. मिस्त्री शेजारच्या खोलीत बसून रेडिओ बारीक करत. जावई अजून बरोबर आहे, पण तोंड फिरवून बसतो, एवढं त्यांना कळलं. कुठल्या गावात आहेत ते कधी कळायचं, कधी नाही. आपल्याविषयी तिने विचारलं का, हे ते बायकोला विचारत नसत, आणि बायको आपण होऊन सांगत नसे.

एका संध्याकाळी फोन संपवून बायको भाजी चिरायला बसली. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, बरी आहे ना.

"बरी आहे. एक दार नीट लागत नाही म्हणते. वळणावर आपोआप उघडतं."

"कुठलं दार?"

बायकोने विळीवरून मान वर केली नाही.

"ते तिने सांगितलं मला. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

मिस्त्री तसेच कारखान्यात गेले. दिवा न लावता स्टुलावर बसले आणि गाडीतलं एकेक दार आठवायला लागले. वरची कपाटं, ओट्याखालचा खण, पलंगाखालचं झाकण. कशाची बिजागरी तिने कशी लावली असेल, कुठे सुताभराने चुकली असेल. बायको जेवायला बोलवायला आली तेव्हाही ते तिथेच बसलेले होते, आणि त्यांचा उजवा हात अंधारात हवेत एक स्क्रू पिळत होता.