भरलेल्या वह्या

ये गं पायल, शेजारीच ऱ्हातीस न् येत न्हाईस, टेक हितं पायरीवर. मिट ते पुस्तक घटकाभर. तुला एक गोष्ट सांगतो, आमच्या लेकीची, क्रांतीची. तुज्या पुस्तकात छापलीया तीच, पर तितं न्हाई ती बाजू. मला काय तुज्या सरासारखं बोलाय येत न्हाई. चौतीस वर्सं माधवनगरला माग चालवला, निम्मे कान तितंच ठेवून आलो. तवा आवाज चढला तर म्हातारा भांडतोय म्हणू नगंस.

क्रांती आमची एकुलती एक. तुज्यापरास दोन बोटं उंच आसंल. बी.ए. साताऱ्याला केलं, हॉस्टेलात राहून. मला सही येती, ती बी चित्र काढल्यागत. तिची आई राहीबाई तिसरी शिकल्याली, बोट ठेवून वाचती. आशा घरातनं पोरगी बी.ए. झाली म्हणल्यावर मी कारखान्यात आख्ख्या पाळीला पेढं वाटलं हुतं.

परीक्षा झाली न् ती घरी आली. लोखंडी ट्रंक वह्यांनी भरल्याली. हमाल म्हणला, "आण्णा, दगडं भरलीत का काय?"

तवा एक स्थळ आलं हुतं. मिलटरीतला पोरगा, पाच एकर ऊस. क्रांती म्हणाली, "इतक्यात नको आण्णा. मला लिहायचंय."

"काय लिवायचंय? परीक्षा झाली की."

"परीक्षेचं न्हवं. माझं माझं."

आता माझं माझं म्हंजी काय आसतंय, मला काय कळणार? पावनं घरी येऊन बसल्यालं, माजी मान खाली. ते गेल्यावर लय बोललो मी तिला. "आग लाव त्या लिवण्याला!" आसं म्हणलो. तोंडातनं निघून गेलं गं. आमी बोलतोच की आसं. आग लाव त्या पावसाला, आग लाव त्या मालकाला. मालकाला कुणी खरंच पेटवतंय व्हय?

दोन दिवस बोलली न्हाई. मग बोलाय लागली. मला वाटलं, मिटलं.

त्यानंतर आठवड्यानं ती साताऱ्याला गेली, दाखला आणाय. राहीबाई आटपाडीला, तिची आई आजारी. घरात मी एकटा. म्हणलं पोरगी यायच्या आत घर आवरून ठिवावं, तिला बरं वाटंल. ट्रंक उघडली. एकोणीस वह्या. अकरा काठोकाठ भरल्याल्या, आठ कोऱ्या.

आता आमच्या मागावरची रीत ऐक. विणून भरलेलं कापड मालकाचं. ते उतरलं की आपला संबंध संपला. रिकामी कांडी तेवढी आपण जपून ठिवायची, तिच्यावर परत सूत भरायचं आसतंय. रिकामी कांडी कुणी टाकली तर जॉबर, म्हंजी आमचा मुकादम, आईमाईवरनं शिव्या द्यायचा. चौतीस वर्सं हेच केल्यालं डोकं. त्या डोक्यानं काय केलं? कोऱ्या वह्या फडक्यानं पुसल्या, कागदात बांधल्या, फळीवर ठिवल्या. भरल्याल्या बंबाजवळ न्हिऊन टाकल्या. परीक्षा झाली, वही भरली, म्हंजी संपली. सरपण बी ओलं हुतं.

तीन दिवस झ्याक पाणी तापलं.

तिसऱ्या दिशी ती आली, दमून. मी सवता बादली काढून दिली. म्हणलं, "कर आंघोळ. आज पाणी लय कडक हाय बघ." केली तिनं आंघोळ. केस पुसत भायेर आली न् बंबापाशी थांबली. एक पुठ्ठा राहिल्याला, अर्धा जळल्याला. वाकून उचलला.

"आण्णा, ह्ये काय?"

"रद्दी गं. कोऱ्या ठिवल्यात बघ फळीवर, नीट."

माज्याकडं बघत राहिली. मी आपला बंबातली राख वढतोय.

मग म्हणाली, "बरं केलं."

एवढंच. रडली न्हाई, भांडली न्हाई. भांडली आसती तर बरं झालं आसतं गं. राहीबाई आटपाडीसनं आली, तिला वासच लागला. म्हणाली, "आवं, काय केलासा? त्यात पोरीच्या कविता हुत्या, गोष्टी हुत्या. तीन वर्साच्या." तवा माज्या ध्येनात आलं. पर क्रांतीपुढं जाऊन बोलाय जीभच उचलंना. बापानं लेकीला चुकलो म्हणायचं आमाला कुणी शिकवलं न्हाई. म्हणलं, बोलू कवातरी, निवांत.

तिला साताऱ्यात शाळेत नोकरी लागली. सणाला यायची. माज्यासाठी कंदी पेढं आणायची, गोळ्या आणायची. पर बोलणं कसं? "आण्णा, जेवलासा? आण्णा, झोपा आता." परक्या माणसाशी बोलल्यागत. मी बी "व्हय, व्हय." तीन वर्सं गेली आशी. चौथ्या वर्सी, गौरीला येत हुती स्कूटीवरनं, उंब्रजच्या पुढं ट्रकनं मागनं...

ऱ्हाऊ दे. ते तुला म्हाईत हाय.

वर्सभरानं सांगलीच्या एका कालिजातनं माणूस आला. म्हणला, तुमच्या मुलीची कथा आभ्यासाला लागलीया, कार्यक्रम हाय, पालक म्हणून या. मला कथेचा पत्ताच न्हाई! कुठल्या दिवाळी अंकात छापून आली हुती म्हणं. गेलो. इस्त्रीचा सदरा. शाल दिली, नारळ दिला, पयल्या रांगंत बसवलं.

धैर्यशील सर म्हणून हायत, लय चांगला माणूस. ते उभं राहिलं न् बोलाय लागलं. म्हणलं, ह्या कथेत एक बाप आपल्या लेकीच्या वह्या बंबात जाळतो.

माज्या हातातला नारळ घरंगळला बघ.

सर म्हणलं, बंब म्हंजी घरातली सत्ता. आग म्हंजी बापाचा अहंकार. आन् त्यो कोऱ्या वह्या जपून ठिवतो, त्याचा अर्थ काय? तर त्याला लेक कोरी पायजे, मुकी पायजे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई वाजवती म्हणून मी बी वाजवल्या. काय करू?

च्या प्यायला बसलो तवा सरांस्नी इचारलं, "सर, त्यो बाप रागानंच जाळतोय का?"

"अर्थात! आधीच म्हणतो ना तो, आग लाव त्या लिहिण्याला."

"चुकून न्हाई जाळत?"

सर हसलं. "चुकून जाळल्या तर मग कथेत काय उरलं, आण्णा?" मग माजं तोंड बघून माज्या खांद्यावर हात ठिवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कथेतला बाप म्हणजे तुम्ही नव्हे. ते प्रतीक असतं."

"व्हय का," म्हणलं. तितं सांगायचं हुतं मला. पर गळ्यात शाल, भवतीनं शिकल्याली माणसं. भरल्याली वही न् संपल्याली वही ह्यातला फरक मला कळत न्हवता, हे कुठल्या तोंडानं सांगू?

घरी आलो, कालिजात दिल्यालं कथेचं पुस्तक राहीबाईला दिलं. चार दुपारी लागल्या तिला वाचाय. सगळं हाय त्यात. माजं बोलणं, कडक पाणी, पुठ्ठा. मी इचारलं, "रागानं लिवलंय का गं?"

म्हणाली, "मला अक्षरं वाचाय येत्यात. त्याखालचा राग कुठनं दिसतोय?"

मग पुस्तक मिटून म्हणाली, "मला एकदा इचारलं हुतं तिनं. आई, आण्णानं मुद्दाम केलं आसंल का गं? मी म्हणलं, तूच इचार की त्यांस्नी. म्हणाली, गौरीला आल्यावर इचारीन."

गौरीला आल्यावर.

म्हंजी तिला बी ठावं न्हवतं, पायल. लिवलं तवा बी न्हवतं. ती जाईपतोर मनातल्या मनात इचारत राहिली, आन् मी हितं पायरीवर बसून व्हय व्हय म्हणत राहिलो. एक वाक्य हुतं गं माज्याकडं. एकच.

काल तू हितं मोठ्यांदा पाठ करत हुतीस, 'बापाने वह्या का जाळल्या ते स्पष्ट करा.' पुरुषी अहंकार, का काय ते. मला आत ऐकू आलं. नेमकं तेवढं बरं ऐकू आलं. रागावलो न्हाई मी. सरांनी सांगितलंय ते बराबरच आसंल. जगात हायत तसलं बाप, मी बघितल्यात.

पर उंद्या तुजा पेपर हाय न्हवं? त्यो प्रश्न आला तर, पोरी, सरांचं सगळं लिव. बंब लिव, आग लिव. आन् खाली एक ओळ माजी लिव, की त्या बापाला वाटलं भरल्याली वही म्हंजी संपल्याली वही. मार्क कापलं तर कापू देत. लिवशील न्हवं?